चवीपुरतं मीठ

वन्सं जेवायला यायला कबूल झाल्या, पण फोनवरच अट घालून. "येते. मात्र आभार-बिभार मानायला लागलीस तर भरल्या ताटावरून उठेन. आधीच सांगून ठेवते."

वहिनी "बरं" म्हणाली आणि फोन ठेवून तशीच उभी राहिली. आभार मानायलाच तर बोलावलं होतं.

झालं होतं असं, की वहिनीच्या पोटात उजवीकडे जी किडनी वर्षभर इमानेइतबारे काम करत होती, ती मूळची वन्संची. नणंद-भावजया एकमेकींना काय काय देतात, त्याबद्दल न बोललेलंच बरं. पण ही वस्तू सहसा देत नाहीत. नवऱ्याचा रक्तगट जुळला नाही. त्याच्या धाकट्या बहिणीचा जुळला, आणि त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात उभ्या उभ्या ती म्हणाली, "मग माझी घ्या. दोन आहेत." जणू काही छत्री उसनी देत होती.

वन्सं शाळेत पी.टी.च्या बाई. आवाज असा, की मैदानाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या मुलीला वेणी सुटल्याचं सांगत. गळ्यातली शिट्टी निव्वळ शोभेची. ऑपरेशननंतर वहिनीनं त्यांचा हात धरून "वन्सं, मी तुमचे..." एवढंच म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "तुझी उशी वाकडी आहे." उशी सरळ केली आणि आपल्या खोलीकडे निघून गेल्या. तेव्हापासून हेच चाललं होतं. फोनवर वहिनीनं सुरुवात केली की तिकडे दाराची बेल वाजे. घरी जाऊन बसलं की वन्संना नेमकं कुठलं तरी दुकान बंद व्हायच्या आत गाठायचं असे. वहिनीच्या घरी तर त्या वर्षभरात जेवायला आल्याच नव्हत्या. आणि आता त्यांची बदली झाली होती, लांबच्या शाळेत. सोमवारी सामान हलणार. आज शनिवार.

आजारपणात वहिनीला दिवसभराचं पाणी मोजून मिळायचं. आता ती सकाळी उठून अख्खा ग्लास घटाघटा प्यायची, आणि रोज त्या ग्लासाबरोबर तिला वन्सं आठवायच्या. रोज एक ग्लास, रोज एक न दिलेला धन्यवाद. वर्षाचे किती झाले ते कोण मोजत बसणार? तोंडानं म्हणू देत नाहीत, तर ताटानं म्हणू या, असं तिनं ठरवलं.

ताट कसलं करायचं यावरही तिनं आठवडाभर डोकं चालवलं. उन्हाळा असा, की स्वयंपाकघरात दहा मिनिटं उभं राहिलं तर माणूसच शिजून निघावं. गच्चीवर मात्र पाचनंतर वारा सुटायचा. नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करणारा. त्यानं कारखान्यातून स्टीलच्या सळ्या जोडून एक जाळी करून आणली आणि चार पायांची शेगडी तिच्याखाली बसवली. भाज्या भाजायच्या, बस्स. तेलाचं बोट, मिरपूड आणि निखारे. बरोबर घरी केलेल्या चार चटण्या. बाजारच्या बाटल्यांना या घरात बंदी होती, कारण त्यांत मीठ ठासून भरलेलं.

मीठ. सगळं घोडं तिथंच अडलं होतं.

दुखणं निघालं त्या दिवसापासून, म्हणजे तीन वर्षं डायलिसिसची आणि हे एक ऑपरेशननंतरचं, वहिनीच्या घरी सगळा स्वयंपाक अळणी होत असे. डॉक्टरांनी आता हात थोडा सैल केला होता, पण तिची जीभच बदलून गेली होती. साधं बिस्किटसुद्धा तिला खारट लागे. नवरा आपल्या ताटात वरून मीठ घ्यायचा. जेवायला बसला की मीठदाणी उचलायचा, भाजीवर दोनदा झटकायचा आणि मुकाट्यानं जेवायचा. त्या दोन झटक्यांचा वहिनीला पूर्वी फार राग यायचा. एकदा, आजारपणाच्या अगदी वाईट दिवसांत, तिनं ताट सरकवून दिलं होतं. "तुमचं बरं आहे! झटकलं मीठ की झालं. अळणी भाजी गिळणं काय असतं ते मला विचारा." तो "हो गं, खरंय," म्हणाला होता आणि खाली बघून जेवत राहिला होता.

पण आज नवऱ्याच्याच जिभेवर भिस्त होती. ती जीभ काही साधीसुधी नव्हती. दूध दोनदा तापलंय की तीनदा, हे तो एका घोटात सांगायचा. लग्नानंतर पहिली दोन वर्षं वहिनीला त्या जिभेनं नाकी नऊ आणले होते.

वहिनी पडदे शिवणारी, त्यामुळे अंदाजपंचे काम तिला खपत नाही. वांग्याच्या चकत्या बोटभर जाड, भोपळ्याच्या फोडी त्याच्या निम्म्या, कांदे उभे चार भागांत कापलेले पण बुडखा शाबूत, म्हणजे जाळीवर पाकळ्या सुटत नाहीत. ढोबळ्या मिरच्या अख्ख्या. कणसं पाण्यात बुडवून ठेवलेली. दुपारपर्यंत चार वाडगे तयार झाले: भाजलेल्या टोमॅटोची लसूण घातलेली चटणी, पुदिना वाटून घुसळलेलं दही, फेसलेली मोहरी, आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेले कांदे. डायलिसिसच्या दिवसांत टोमॅटोसुद्धा तिला बंद होता. त्यामुळे ती चटणी ढवळताना तिचा ऊर उगाचच भरून आला.

"अहो, इकडे या. चाखा."

नवरा हात पुसत आला. टोमॅटोच्या वाडग्यातलं चमचाभर तोंडात घेतलं, डोळे मिटले. "चिमूटभर घाल."

तिनं चिमूट घातली. तो पुन्हा डोळे मिटून उभा राहिला, आणि म्हणाला, "बस्स."

"नक्की? पाहुण्यांसाठी आहे हो. माझ्या पथ्याचं नाही."

"आता कणभर टाकलंस तर बिघडेल. उलट थोडं जास्तच झालंय. लिंबू पिळ."

तिनं लिंबू पिळलं. चारही वाडग्यांचं असंच झालं. भाज्यांवर शिंपडायच्या मिठाच्या पाण्यालाही त्यानं एका चिमटीत पसंती दिली. वहिनीचा जीव भांड्यात पडला. या माणसानं "बस्स" म्हटलं म्हणजे पुढं बघायलाच नको.

साडेपाचला मंडळी आली. मंडळी म्हणजे तीनच. पहिले तळमजल्यावरचे घड्याळजी, ज्यांनी तीन वर्षं आठवड्यातून दोनदा आपली जुनी गाडी काढून वहिनीला डायलिसिसला पोचवलं होतं आणि एकदाही उशीर केला नव्हता. दुसऱ्या, डायलिसिस सेंटरमधल्या सिस्टर. सुई टोचण्याआधी त्या दर वेळी एक विनोद सांगत, आणि तीन वर्षांत त्यांचे विनोद संपले तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू केले होते. आणि वन्सं, ज्या गच्चीच्या दारातूनच ओरडल्या, "दादा, निखारे एका बाजूला ओढ! ज्वाळेवर भाजी करपते, भाजत नाही!"

ऊन उतरलं होतं. नवरा चिमट्यानं मिरच्या फिरवत होता. त्यांची साल काळी पडून फुटायची आणि गोडसर वास सगळ्या गच्चीभर पसरायचा. वांग्याच्या चकत्यांवर जाळीच्या रेघा उठल्या. कणसं तडतडली. वहिनी ताटं भरत होती आणि मनात म्हणत होती, हे घ्या सिस्टर, हे घ्या घड्याळजी, आणि वन्सं, हे तर तुमचंच.

पहिला घास गेला.

"भाज्या अगदी ताज्या आहेत हं," घड्याळजी जरा वेळानं म्हणाले.

"हलकं आहे," सिस्टर म्हणाल्या. "उन्हाळ्यात हलकंच बरं."

ज्यांनी लग्नाच्या पंगतीत आचाऱ्याला बोलावून सुनावलं होतं, त्या वन्सं खाली मान घालून वांगं चावत होत्या, आणि चावून झालेलं वांगं पुन्हा चावत होत्या. वहिनी वाडग्यांकडे बघत राहिली. टोमॅटोची चटणी जिथं होती तिथंच. मोहरीत एक चमचा रुतून उभा. दुसऱ्यांदा कोणी काही मागेना. सगळे हसून बघत होते, पाणी पीत होते, आणि वाऱ्याचं कौतुक करत होते. पाहुणे वाऱ्याचं कौतुक करायला लागले की यजमानिणीनं काय समजायचं ते समजावं.

गेला आपला हात, तिला वाटलं. चार वर्षं अळणी रांधून हाताची चव गेली. वर्षभर जे मनात साठवलं, ते एकदाच द्यायचं होतं, तेही धड देता आलं नाही. सोमवारी वन्संचं सामान हलणार, आणि त्यांच्या लक्षात राहणार ते हे जेवण.

नवरा तेवढा मिटक्या मारत होता. "वा! काय चटणी झाली आहे!"

"पाणी संपलं वाटतं," म्हणून वन्सं उठल्या आणि खाली गेल्या. पाण्याचा जग तर अर्धा भरलेला होता. वहिनी जिन्यानं त्यांच्यामागून उतरली. मनाशी ठरवूनच, की निदान माफी तरी मागावी.

स्वयंपाकघरात वन्सं ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. मिठाची बरणी उघडी, डाव्या तळहातावर मीठ, आणि ते रुमालात बांधायची लगबग चाललेली.

"वन्सं!"

वन्सं दचकल्या. इतक्या, की शाळेतल्या मुलींनी पाहिलं असतं तर पुढं दहा वर्षं त्यांना कोणी भ्यायलं नसतं.

"अगं, मी काही बोलणार नव्हते," त्या म्हणाल्या. "तुझ्या पथ्याचं आहे, आम्ही गोड मानून खायचं, असं मनाशी ठरवलं होतं. पण म्हटलं, कणसाला तरी गुपचूप..."

"पथ्याचं कुठलं? मीठ घातलंय मी. सगळ्यात."

"कुठे घातलंयस? वास तरी दाखवलास का?"

"यांनी चाखलंय वन्सं! चारही वाडगे. जास्तच झालंय म्हणाले, लिंबू पिळायला लावलं."

वन्संनी बरणी खाली ठेवली. "दादानं? दादाला हे जास्त लागलं?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. दोघींच्याही मनात एकच आलं, आणि ते काही चांगलं नव्हतं. ज्या घरानं चार वर्षं दवाखाना पाहिलाय, त्या घरात आधी तीच शंका येते. वहिनीनं विचारलं, "त्यांना काही झालंय का हो? जीभ गेली का त्यांची?"

"चल वर," वन्सं म्हणाल्या आणि बरणीच उचलून निघाल्या.

वर जाऊन त्यांनी मागचापुढचा विचार न करता टोमॅटोच्या वाडग्यातली थोडी चटणी ताटलीत काढली, मीठ घातलं, ढवळली. चमचा आधी सिस्टरसमोर धरला. "सांगा."

सिस्टरनी चाखली. त्यांचा चेहरा उजळला. "आता कशी झाली! बरोबर आहे."

घड्याळजींनी चाखली आणि न बोलता ताटलीच पुढे केली, अजून वाढा म्हणून.

"दादा, तू."

नवऱ्यानं चमचा तोंडात घेतला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. "ठार खारट! कोणी बिघडवली?"

सिस्टर त्याच्याकडे टक लावून बघत होत्या. त्यांची नजर अशा गोष्टींना सरावलेली. "दादा," त्या हळूच म्हणाल्या, "मीठ सोडलं की दोन-तीन महिन्यांत जीभ बदलते. रोज बघते मी. तुम्ही कधीपासून सोडलंय?"

"मी कशाला सोडू? वरून घेतो की मी. हिला विचारा."

"तुम्हाला विचारतेय."

नवरा निखारे सारखे करायला लागला. सारखेच होते ते. वन्संनी त्याच्या हातातला चिमटा काढून घेतला.

"डायलिसिस सुरू झालं त्या दिवसापासून," तो शेवटी म्हणाला.

"आणि ती मीठदाणी?" वहिनीनं विचारलं. "रोज दोनदा झटकत होतात ती?"

"भोकांवर बोट धरायचो."

घड्याळजींनी हातातली ताटली खाली ठेवली.

"आणि कामावर?"

"डबा तुझाच असायचा ना." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. चोरी पकडलेल्या माणसासारखा त्याचा चेहरा झाला होता. "अगं, माझा रक्तगट जुळला नाही. मला काही देताच आलं नाही. हिनं आपली किडनी काढून दिली, घड्याळजींनी गाडी दिली, सिस्टरनी रात्रंदिवस केलं. मी नुसता बाकावर बसलेला. म्हटलं, निदान तू एकटीनं अळणी खायला नको. त्यात सांगण्यासारखं काय होतं? सांगितलं असतं तर तू खाऊ दिलं नसतंस."

वहिनीला ते सरकवलेलं ताट आठवलं. "तुमचं बरं आहे" म्हटलं होतं आपण, आणि हा माणूस "खरंय" म्हणून खाली बघून तीच अळणी भाजी गिळत होता. चार वर्षं, दोन्ही वेळा, तिच्यासमोर बसून. ती रडायला लागली. डोळे टिपून वगैरे नाही, चांगली हुंदके देऊन. "मी तुम्हाला काय काय बोलले हो," एवढंच तिला म्हणता आलं. मग नाक पुसून तिनं त्याचा काळा झालेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "मला कळलंच नाही. एकदाही कळलं नाही. फार केलंत हो माझ्यासाठी."

"अगं, सगळे बघतायत."

"बघू देत!"

वन्संनी घसा खाकरला. त्यांचेही डोळे लाल झाले होते, आणि त्याचा त्यांना भयंकर राग आलेला दिसत होता. "बघ! म्हणूनच सांगत होते, माझे आभार मानू नकोस. मी काय केलं? मला गुंगी दिली, झोपले, उठले. आठवडाभर दुखलं. हा बाबा चार वर्षं जागेपणी करत होता. तू आपली माझ्यामागे लागलीस."

"वन्सं, बसा," वहिनी म्हणाली.

तिचा हा आवाज वन्संनी कधी ऐकला नव्हता. त्या बसल्या.

"यांचे मानायचे ते मी जन्मभर मानीन. पण तुमचं तुमच्यापाशी, यांचं यांच्यापाशी. एकाचं दुसऱ्यावर ढकलून सुटू नका. तुम्ही दिलंत म्हणून मी आज इथं उभी आहे. रोज सकाळी पाणी पिते ते तुमच्यामुळे. मी तुमची फार फार आभारी आहे. झालं. म्हटलं मी."

घड्याळजी उगाचच आपल्या मनगटाकडे बघायला लागले. वन्सं ताटावरून उठल्या नाहीत. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा आकाशाकडे पाहिलं, आणि मग खाली मान घालून, वर्गात मागच्या बाकावरून येतो तसल्या आवाजात म्हणाल्या, "ऐकलं."

त्यानंतर मात्र जेवण रंगलं. मिठाची बरणी हातोहात फिरली. वांगी संपली, मिरच्या संपल्या, सिस्टरनी मोहरीचा वाडगा पुसून घेतला आणि आपला पहिला विनोद पुन्हा सांगितला, आणि सगळे असे हसले की जणू नवीन होता. भोपळा कमी पडला. घड्याळजींनी व्हिनेगरमधल्या कांद्यांची कृती कागदावर उतरवून घेतली.

"उद्यापासून तुमच्यासाठी वेगळं रांधते," वहिनी नवऱ्याला म्हणाली. "चवीपुरतं मीठ घालून."

"नको गं. आता नाही जमायचं. खारट लागतं सगळं." तो जरा थांबला. "आणि खरं सांगू? तुझी भाजी आता मला तशीच आवडते."

वहिनीनं वरून मीठ न घातलेली, उरलेली टोमॅटोची चटणी एका वाटीत काढली, दोघांच्या ताटांच्या मध्ये ठेवली, आणि एक कणीस मोडून अर्धं त्याला दिलं. दोघं त्या वाटीत कणीस बुडवून खायला लागले.

वन्सं समोरून बघत होत्या. मग त्यांनी आपल्या हातातलं मीठ चोळलेलं कणीस खाली ठेवलं, जाळीवरचं एक कोरं उचललं, खुर्ची सरकवत त्या दोघांच्या शेजारी आणली, आणि न विचारता त्या वाटीत बुडवलं.

एक घास खाल्ला. चेहरा आक्रसला.

"काय भयंकर लागतं गं हे," त्या म्हणाल्या, आणि शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्लं.